उसातली तीन पिल्ले आणि वाया गेलेले सहा तास

जानेवारीत जुन्नर तालुक्यातील आमच्या शेतात ऊसतोड चालू असताना, सकाळी साडेनऊच्या सुमारास पाचटाखाली बिबट्याची तीन पिल्ले दिसली. त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते. मुकादमांनी तोड लगेच थांबवली आणि मी वन विभागाच्या कार्यालयात फोन केला.

पुढचे सहा तास आठवले की आजही संताप येतो. आमचा गट दोन गावांच्या शिवेवर असल्यामुळे एक कार्यालय म्हणे की हे क्षेत्र आमच्याकडे येत नाही, आणि दुसरे म्हणे की आधी सातबारा दाखवा. सातबारा घेऊन मी मोटारसायकलवर गेलो, तर साहेब बैठकीला गेले होते आणि त्यांच्याशिवाय कोणी निघायला तयार नव्हते. मादी अंधार पडल्यावर पिल्ले ठेवलेल्या जागीच परत येते, त्यामुळे त्या दिवसाची प्रत्येक घटका मोलाची होती. पण हे मी तीनदा सांगूनही समोरचा माणूस नोंदवहीतच पाहत राहिला. इकडे बांधावर गर्दी जमली होती, कोणी पिल्लांसोबत फोटो काढू पाहत होते, तर शेजारच्या काकू मायेने गाईचे दूध घेऊन आल्या होत्या. ते दूध कृपा करून कोणीही पाजू नये. इतक्या लहान पिल्लाला त्याने जुलाब होतात.

शेवटी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला आणि चक्रे हलली. हा क्रमांक मी सकाळीच लावायला हवा होता. साडेतीनला वनरक्षक आले, पाठोपाठ माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्यक आले. तपासणी लवकर आटोपली. मादीने पिल्ले परत न्यावीत म्हणून ती टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेट त्याच सरीत ठेवायचे होते, आणि ती सरी नेमकी सापडली ती मी सकाळी रोवलेल्या काठीमुळे. पिल्ले सापडताच जागेवर अशी खूण अवश्य करावी आणि आसपासचा ऊस त्या दिवशी उभाच ठेवावा. माणसांत वाढलेले पिल्लू शिकार शिकत नाही, माणसाला बिचकत नाही, आणि मग त्याचा जन्म पिंजऱ्यातच जातो.

रात्री आठनंतर मादी आली. कॅमेऱ्यात ती एकेक पिल्लू मानेला धरून नेताना दिसली. तिसऱ्यासाठी मात्र ती पहाटे चारला परतली, आणि तोवर आमच्या घरात कोणी झोपले नव्हते.