लॅपटॉप बोटाने उघडतो, मग पासवर्ड मॅनेजर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण मावशीपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न असतो, की लॅपटॉप बोट लावून उघडतो तर पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप) वेगळा कशाला, आणि आपला ठसा त्या कंपनीकडे जातो का.

ठशाचं आधी. आधारमुळे ही भीती बसलीये आणि आधारपुरती ती बरोबर पण आहे, रेशन दुकानात अंगठा लावला की पडताळणी आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या डेटाबेसशी होते. लॅपटॉपचं तसं नसतं. विंडोज हॅलो (२०१५ ला विंडोज १० बरोबर आलं ते) काय किंवा मॅकचं टच आयडी काय, ठशाचा फोटो ठेवत नाहीत, त्यावरून काढलेली आकड्यांची माहिती ठेवतात आणि तीही त्याच मशीनमध्ये.

पण याचाच दुसरा अर्थ असा की तुमच्या बँकेला, जीमेलला ते बोट माहितीच नसतं!! पासकी (पासवर्डऐवजी बोटाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय) लावली नसेल तर तिथे शेवटी पासवर्डच जातो, आणि तो सगळीकडे एकच असेल, मुलीचं नाव आणि पुढे जन्मसाल, तर कुठल्यातरी शॉपिंग साइटवरून तो फुटला की तोच घेऊन लोक तुमच्या ईमेलवर ट्राय मारतात. ईमेल गेला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड रिसेट करायला काही वेळ लागत नाही.

म्हणून मॅनेजर. बिटवॉर्डन घ्या, सगळं आपल्याच मशीनवर हवं असेल तर कीपासएक्ससी घ्या, दोन्ही ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही तपासता येतो. प्रत्येक साइटला वेगळा लांबलचक पासवर्ड तो बनवतो, लक्षात ठेवतो, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की तो साइटचा पत्ता बघून भरतो, हुबेहूब बँकेसारखी दिसणारी खोटी साइट उघडली तर तो पासवर्ड पुढेच करत नाही. आपला डोळा फसतो तिथे हे फार कामाचं आहे.

आता बोट कुठे येतं, तर मॅनेजरची ही पासवर्डांची तिजोरी दिवसातून दहादा उघडायला. खरी किल्ली मास्टर पासवर्डच, म्हणजे मॅनेजर उघडायचा तो एक मुख्य पासवर्ड. २०२२ मध्ये लास्टपास नावाच्या मॅनेजरमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या कॉप्या चोरीला गेल्या, त्यातले पासवर्ड एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारे) होते, पण ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा त्यांना धोका जास्त. तेव्हा तो लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध मराठी शब्द जोडले तरी चालतील, फक्त म्हण किंवा गाण्याची ओळ नको.

आणि रोज बोटच लावत राहिलं की मास्टर पासवर्ड हळूहळू डोक्यातून जातो, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. बोट नेहमी चालेलच असंही नाही, हात ओले असतात, भांडी घासून किंवा सिमेंटचं काम करून ठसे झिजतात, मॅक तर रिस्टार्ट केल्यावर पासवर्डच मागतो. म्हणून दोन्ही हातांची बोटं नोंदवून ठेवा, आठवड्यातून एकदा मास्टर पासवर्ड हाताने टाईप करा, आणि तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, हो कागदावरच, आणि तो कुठे आहे ते बायकोला किंवा नवऱ्याला आजच सांगा. उद्या तुम्ही हॉस्पिटलमध्ये असलात आणि मेडिक्लेमचं लॉगिन लागलं तर घरच्यांना तुमचं बोट काही मिळणार नाही.