गाडीच्या छपराला पाडलेले भोक

२०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये पाणी शिरले तेव्हा माझी मावशी तिथे होती. २१ तारखेच्या रात्री तिचा फोन लागला, दुसऱ्या दिवशी सकाळपासून लागेना, आणि पुढचे दोन दिवस आम्ही कऱ्हाडला नुसते नंबर फिरवत बसलो. मावशी शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होती, हे नंतर कळले. माझ्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना तेव्हाही होता आणि हातात मावणारा ५ वॉटचा संचही होता. पण कुंभार्ली घाटापर्यंत गाडीने गेलो असतो तरी गाडीत बसून त्या संचाने काही साधले नसते. पत्र्याची गाडी रेडिओलहरींना चांगलीच अडवते. आत बसून हातातल्या संचाच्या बोटभर अँटेनाने बोलायचे म्हणजे लोखंडी कपाटात शिरून हाका मारण्यासारखे आहे. त्या दोन दिवसांनंतर मी ठरवले की आपल्या बोलेरोत कायमचा संच बसवायचा आणि त्याची अँटेना गाडीच्या बाहेर, छपरावर असायची.

परवान्याचे आधी सांगतो, कारण त्यात हयगय चालत नाही. भारतात हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते; जनरल आणि रिस्ट्रिक्टेड अशा दोन श्रेणी आहेत. परवान्याच्या अटी, विशेषतः संच कुठे आणि किती शक्तीने वापरायचा याबद्दलच्या, गाडीत एक स्क्रूही आवळण्यापूर्वी नीट वाचाव्यात. परवान्याची प्रत आणि संचाचे बिल मी गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. नाकाबंदीत पोलिसांनी छपरावरच्या दांडीकडे पाहून विचारणा केली की ही दोन कागदपत्रे पुढे करतो. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी ऑनलाइन मिळतो म्हणून संच मागवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपण ज्या कंपनसंख्येवर सहज म्हणून बोलतो तिच्यावर दुसऱ्या कुणाचे तरी तातडीचे काम चाललेले असू शकते.

पहिल्यांदा मी संच घाईत बसवला. संच ५० वॉटचा घेतला, वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून दिली, छपरावर चुंबकाची अँटेना चिकटवली आणि तिची केबल दाराच्या रबरातून आत ओढली. तासाभरात काम झाले. गावात सगळे ठीक चालले. मग एका रविवारी कोयनानगरच्या पुढे, इंजिन बंद करून, रस्त्याच्या कडेला उभा राहून बोलायला बटण दाबले, तर संचाचा पडदा मंद झाला आणि संच बंद पडला. बटण सोडले की पुन्हा चालू होई. ऐकू सगळे येत होते, बोलता मात्र येत नव्हते. ज्या प्रसंगासाठी संच घेतला नेमक्या त्याच प्रसंगी तो मुका झाला असता, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

घरी येऊन मल्टिमीटर लावला तेव्हा कारण स्पष्ट झाले. असे संच १३.८ व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेले असतात आणि साधारण १५ टक्के कमी-जास्त सहन करतात; म्हणजे खालची मर्यादा ११.७ व्होल्टच्या आसपास येते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज साडेबाराच्या जवळ असते. पूर्ण शक्तीने बोलताना ५० वॉटचा संच १० ते १२ अँपिअर ओढतो. आता तारेचे गणित पाहा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०११५ ओहम असतो. ५ मीटर जाणे आणि ५ मीटर येणे मिळून ०.११५ ओहम. त्यातून १० अँपिअर वाहिले की १.१५ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि संचाच्या वाट्याला ११.३५ उरतात. सॉकेटच्या स्प्रिंगचा ढिला स्पर्श धरला तर त्याहून कमी. तीच लांबी ४ चौरस मिलिमीटरच्या तारेची घेतली तर तूट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. संचाची किंमत, वॉट आणि बटणे यांवर आम्ही हौशी लोक तासन् तास बोलतो. पण गाडीत रेडिओ बसवणे हे मुख्यतः तारेचे आणि पत्र्याचे काम आहे, हे मला त्या दिवशी पटले.

म्हणून दुसऱ्या वेळी सुरुवात बॅटरीपासून केली. ४ चौरस मिलिमीटरची लाल तार थेट बॅटरीच्या धन टोकावरून घेतली आणि टोकापासून वीतभर अंतराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज बसवला. फ्यूज जवळ का, हे समजून घेण्यासारखे आहे. तो संचाला वाचवण्यासाठी नसून तारेला वाचवण्यासाठी असतो. धक्क्यांनी तार पत्र्यावर घासून तिचे आवरण गेले, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते. आणि फ्यूज संचाजवळ असेल तर त्याच्या अलीकडची सगळी तार उघड्या निखाऱ्यासारखी तापेल. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून तार नेताना मी कंपनीच्या वायरिंगसाठी असलेल्याच ग्रोमेटला, म्हणजे भोकातल्या रबरी कड्याला, बारीक चीर दिली आणि सायकलच्या आरीला तार बांधून ती आत सरकवली. उघड्या पत्र्याच्या कडेवरून तार कधीही नेऊ नये. पुढचा सगळा प्रवास काळ्या पन्हळी नळीतून, दर वीतभर अंतरावर पट्टीने बांधून केला, आणि क्लच व ब्रेकच्या पेडलांच्या वाटेपासून ती दूर ठेवली.

काळ्या, म्हणजे ऋण तारेबद्दल एक सूचना. माझी गाडी जुनी आहे, तिथे प्रश्न आला नाही. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती वीज आली आणि किती गेली याचा हिशेब तो ठेवतो. अशा गाडीत ऋण तार टोकावर न जोडता, बॅटरीची अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे आवळलेली असते तिथे जोडावी, म्हणजे सेन्सरचा हिशेब चुकत नाही. नव्या गाडीत एअरबॅगही जास्त असतात. पुढच्या खांबांच्या आवरणाखाली आणि सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले की तिथून हात मागे घ्यावा. त्या वाटेने केबल नेऊ नये आणि एअरबॅग जिथे उघडते त्या जागेसमोर संच किंवा त्याचा कंस (ब्रॅकेट) बसवू नये.

आता अँटेनाकडे वळतो. आमचा कंपनसंख्यांचा २ मीटरचा पट्टा भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. १४५ वर तरंगलांबी २ मीटर ७ सेंटिमीटर येते. तिचा चौथा हिस्सा, थोडा आखूड करून, सुमारे ४९ सेंटिमीटरची दांडी पुरते. पण ही दांडी म्हणजे अर्धीच अँटेना आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे तिच्याखालचा पत्रा. दांडी छपराच्या मधोमध असेल तर लहरी चारी दिशांना जवळपास सारख्या जातात. कोपऱ्यात बसवली तर ज्या बाजूला पत्रा जास्त पसरला आहे त्या बाजूला झुकतात. काचेचे सनरूफ असलेल्या गाडीत मधोमध पत्राच नसतो, तिथे मागच्या दाराच्या किंवा बॉनेटच्या कडेला कंस लावून तडजोड करावी लागते. ५/८ तरंगलांबीची, सव्वा मीटरच्या आसपासची उंच दांडी सपाट मुलखात लांबचा पल्ला देते, पण ती लहरींना क्षितिजाकडे दाबते. आम्ही घाटाखाली उभे राहून डोंगरावरच्या रिपीटरकडे, म्हणजे ऐकलेला आवाज पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्राकडे, मान वर करून बोलणारे लोक. आम्हाला आखूड दांडीच बरी, कारण ती वरच्या दिशेनेही लहरी सोडते आणि झाडांच्या फांद्यांना अडकत नाही.

चुंबकाची अँटेना वाईट नसते. मात्र तिच्याखाली रंगाचा थर असतो, धूळ साचते, पावसाळ्यात चिखल अडकतो आणि वर्षभरात छपरावर गोल ओरखडा उमटतो. दाराच्या रबरात रोज चेपली जाणारी केबल आतून कधी तुटते ते कळतही नाही. मी बऱ्याच विचाराअंती छपराला भोक पाडायचे ठरवले. एनएमओ नावाचा जो बसवणीचा प्रकार आहे त्याला पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटरचे भोक लागते. आमच्या ओळखीच्या डेंटिंगच्या मिस्त्रींना सांगितले तेव्हा त्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला.

“काका, चांगल्या छपराला भोक? पहिल्या पावसात गळणार बघा.”

“गळलं तर माझ्या डोक्यावर गळेल, मिस्त्री. पण आपण गळू द्यायचं नाही.”

मग मात्र त्यांनी ते काम स्वतःचे असल्यासारखे केले. आतला दिवा काढून अस्तर हलकेच खाली घेतले, वरची आडवी पट्टी कुठून जाते ते बोटांनी चाचपले, आणि तिच्यापासून चार बोटे सोडून मध्यावर खूण केली. खुणेभोवती कागदी टेप लावला. होल सॉच्या, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीच्या, दातांना ग्रीस फासले, म्हणजे पत्र्याचा कीस ग्रीसला चिकटतो, रंगावर उडून गंजाचे ठिपके पाडत नाही. करवत अर्ध्यात असताना पत्र्याने जो चिरका आवाज केला तो मला अजून आठवतो. रुपयाहून लहान अशी एक चकती निघाली. कडा कानशीने गुळगुळीत केल्यावर मिस्त्रींनी प्रायमर उचलला, तेव्हा मी त्यांना थांबवले. माउंटचा, म्हणजे दांडी धरणाऱ्या बैठकीचा, खालचा कडा आतून जिथे पत्र्याला धरतो तिथला रंग आम्ही उलट खरवडून काढला आणि पत्रा चकचकीत केला, कारण अँटेनाचे अर्थिंग तिथेच होते. भोकाच्या कडेला आणि वरच्या बाजूला मात्र प्रायमर लावला. रबराच्या रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला आणि माउंट हातानेच आवळले. पान्याने जोर केला तर रिंग चिरडते आणि गळती तिथूनच सुरू होते.

केबल आरजी ५८ जातीची, साडेचार मीटर. १४५ मेगाहर्ट्झवर एवढ्या लांबीत जवळपास १ डेसिबेल जाते, म्हणजे ५० वॉटमधले सुमारे ४० वॉट दांडीपर्यंत पोहोचतात. ते चालते. स्वस्त चुंबकी अँटेनांना येणारी करंगळीहून कितीतरी बारीक केबल मात्र याच्या दुप्पट खाते. उरलेल्या केबलचे वेटोळे करून सीटखाली कोंबण्यापेक्षा ती कापून नवा कनेक्टर जोडावा; झाळकाम नीट जमत नसेल तर ज्याचा हात बसला आहे त्याच्याकडून करून घ्यावे.

दांडी कापण्याचे काम मी मोकळ्या मैदानात केले, दारे आणि बॉनेट बंद ठेवून, वर विजेच्या तारा नाहीत हे पाहून. ४९ सेंटिमीटरच्या दांडीत ३ मिलिमीटर म्हणजे जवळपास १ मेगाहर्ट्झ. एवढ्या फरकाने आपण पट्ट्याच्या एका टोकाकडून मध्यावर येतो. म्हणून एका वेळी दीड-दोन मिलिमीटरच कापावे आणि पुन्हा एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा आकडा, मोजावा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला आकडा कमी आणि वरच्या टोकाला जास्त असेल तर दांडी लांब आहे. माझा आकडा मध्यावर १.२ आला. १.५ असता तरी फक्त ४ टक्के शक्ती परत फिरते, तेव्हा १.१ च्या मागे लागून दांडी आखूड करून बसू नये. ३ आला तर मात्र पावशक्ती परत येते. तेव्हा बटण सोडून अर्थिंग तपासावे.

संचाचा मुख्य डबा चालकाच्या सीटखाली, हवा खेळेल असा ठेवला आणि त्याचा पुढचा चेहरा वेगळा काढून डॅशबोर्डवर लावला. ऐकताना एक खरखर येत होती. इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा सूर चढला असता तर दोष अल्टरनेटरकडचा मानला असता, पण सूर बदलत नव्हता. एकेक वस्तू बंद करत गेलो; मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून उपसला आणि खरखर गेली. चार्जर बदलला, त्याच्या तारेवर खरखर अडवणारी फेराइटची क्लिप लावली आणि तारेचे तीन वेढे तिच्यातून घेतले.

गाडी चालवताना मी माइक हातात घेत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ कलमात चालवताना हातातले संपर्कसाधन वापरणे धोकादायक चालवण्यात मोडते, आणि कायदा नसता तरी कुंभार्लीच्या वळणांवर दोन्ही हात स्टिअरिंगवरच हवेत. शेजारी कुणी परवानाधारक असेल तर तो बोलतो, नाहीतर मी गाडी बाजूला घेतो. पेट्रोल पंपावर संच बंद ठेवतो. घाटात थांबल्यावर समोरच्याचा आवाज तुटक येत असेल तर गाडी फूट-दोन फूट पुढेमागे सरकवतो. डोंगरावरून परतलेल्या लहरी मूळ लहरींना जिथे मारतात अशा जागा साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे मीटरभराच्या अंतराने येतात. त्याच्या निम्मे, फूट-दोन फूट, सरकले की तोच माणूस समोर बसल्यासारखा ऐकू येतो. मागच्या ऑक्टोबरमध्ये घाटमाथ्यावरच्या वळणावरून मी इंजिन बंद ठेवून, २५ वॉटवर, खाली चिपळुणातल्या एका हॅम मित्राशी थेट बोललो. मावशी त्याच्या घरी येऊन बसली होती. तिच्या हातात त्याने माइक दिला नाही, नियम तसा आहे, पण तिचा आवाज मागून स्पष्ट येत होता, “जेवलास का विचार त्याला.”

यंदा मेच्या शेवटी दिवा काढून अस्तर पुन्हा खाली घेतले. तीन पावसाळे झाले. माउंटखालचा पत्रा कोरडा होता, प्रायमरला टवका गेलेला नव्हता. बॉनेटखाली ऋण तारेच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या कडीवर, हिरवट बुरशी धरली होती. ती पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला आणि वर व्हॅसलीन लावले. फ्यूजच्या डबीचे झाकण सैल वाटले म्हणून बदलले. मिस्त्रींना बोलावून भोक दाखवले. त्यांनी बोट फिरवून पाहिले, बोटाला ओल लागली नाही, आणि म्हणाले, “आमच्या पाहुण्यांच्या पिकअपला पण बसवायचंय. परवान्याची परीक्षा कुठं असते तेवढं सांगा.”