पुढे यांना नोकरी कोण देणार?

पुण्याला आले की हा प्रश्न येतोच. काकू विचारते, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, आणि ज्यांच्या घरी बौद्धिक अक्षम मूल आहे ते आईबाप कुठून तरी माझा नंबर मिळवून विचारतात: "तुम्ही त्या मुलांना कॅफेत काम शिकवता म्हणे. पण पुढे त्यांना नोकरी कोण देणार?" दोन वाक्यांत उत्तर देते आणि रुखरुख लागून राहते. म्हणून आज नीट लिहिते.

मी बर्मिंगहॅमजवळच्या एका कॉलेजात जॉब कोच आहे, म्हणजे कामाच्या जागी मुलांसोबत उभं राहून काम शिकवते. हे कॉलेज पदवीचं नाही; सोळाव्या वर्षी शाळा संपल्यावर मुलं इथे कामधंद्याचं शिक्षण घ्यायला येतात. 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द आपल्याकडे डिस्लेक्सियासाठी वापरतात, तिथे मात्र त्याचा अर्थ बौद्धिक अक्षमता. माझ्या गटात डाउन सिंड्रोम असलेली मुलं आहेत, कुणाला घड्याळ कळत नाही, कुणाला वाचता येत नाही. इंग्लंडच्या 2014 च्या कायद्यामुळे अशा मुलांना गरजेप्रमाणे पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकता येतं.

आमचा कॅफे सोशल एंटरप्राइझ आहे. नफा कुणाच्या खिशात जात नाही, पुन्हा कॅफेतच लागतो. पण धंदा म्हणजे धंदा. गार कॉफी दिली तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि मला नेमकं तेच हवं असतं. पूर्वी आम्ही वर्गात लुटुपुटीचं दुकान मांडायचो, खोट्या नोटांसकट. मुलं तिथे पटापट शिकायची आणि खऱ्या काउंटरवर उभी राहिली की गोठून जायची. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं हेच तर त्यांना अवघड जातं. मग शिकायचं ते खऱ्या जागीच शिकलेलं बरं.

एकोणीस वर्षांची एक मुलगी सँडविच करायला शिकत होती. तिथल्या स्वयंपाकघरात चिरायच्या फळ्यांचे रंग ठरलेले असतात: सॅलडला हिरवी, शिजलेल्या मांसाला पिवळी, पाव-चीजला पांढरी. रंग तिने दोन दिवसांत पक्के केले. अडलं ते लेबलाशी. ऑक्टोबर 2021 पासून तिथे दुकानातच बनवून आधी पॅक केलेल्या पदार्थावर सगळे घटक छापावे लागतात आणि 14 ॲलर्जीकारक घटक उठून दिसावे लागतात. चुकीचं लेबल लागलं तर कुणाच्या जिवावर बेतेल. तिला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक लेबलाच्या कोपऱ्यात चित्र टाकलं. तीन आठवडे ती बिनचूक लेबल लावत होती. एकदा मला फोन आला, मी दोन पावलं बाजूला गेले, तर ती हात थांबवून माझ्याकडे बघत उभी! तेव्हा उमगलं. मी प्रत्येक वेळी नकळत बोटाने दाखवत होते. ती चित्र बघतच नव्हती, माझं बोट बघत होती. मी तिला सँडविच शिकवलंच नव्हतं.

त्या दिवसापासून माझे हात एप्रनच्या खिशात. तिच्या मागे उभी राहायचे, तोंडही बंद. समोर रांग, आणि ती अंड्याचं लेबल उचलते, बघते, परत ठेवते, चीजचं उचलते. तो वेळ फार लांब वाटतो हो. पण तेवढा तिला द्यावाच लागतो. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी 1970 च्या दशकात, संस्थांनी 'यांना काही येणार नाही' म्हणून सोडून दिलेल्या माणसांना सायकलचा पंधरा भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं, तेही अगदी कमी बोलून. कामाचे बारीक तुकडे करायचे, आधार द्यायचा आणि हळूहळू काढून घ्यायचा. आम्ही आजही हेच करतो.

आता नोकरीचं. चित्र गुलाबी नाही. इंग्लंडमध्ये ज्या बौद्धिक अक्षम प्रौढांना नगरपालिकेचा दीर्घकालीन आधार मिळतो, त्यांच्यातले शंभरात साधारण पाचच पगारी कामावर आहेत. पण जे देतात ते कीव म्हणून देत नाहीत. 1996 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात प्रोजेक्ट सर्च हा अशा तरुणांना खऱ्या कामाच्या जागी उमेदवारी देणारा उपक्रम सुरू झाला, तो आपत्कालीन विभागात सामान भरून ठेवायला माणूस टिकत नव्हता म्हणून. आमचीही मुलं कॅफेनंतर अशाच ठिकाणी उमेदवारी करतात. सँडविचची ती मुलगी आज एका हॉस्पिटलच्या उपाहारगृहात आठवड्यातून तीन दिवस पगारावर आहे.

काम येत नाही म्हणून उमेदवारी फार कमी वेळा सुटते. एकाची सुटली ती बसमुळे. मार्ग बदलला, तो थांब्यावर दोन तास उभा राहिला, कुणाला फोन करायचा हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोष आमचा होता, आम्ही ते शिकवलंच नव्हतं. आता आम्ही मुद्दाम बस चुकवतो आणि पुढे काय करायचं ते थांब्यावरच शिकवतो.

आपल्याकडेही हे होतंय. जुहूला 2018 मध्ये अर्पण कॅफे सुरू झाला, तिथे अशीच मंडळी काम करतात. पण असा कॅफे निघेपर्यंत वाट बघायची गरज नाही. गेल्या खेपेला सदाशिव पेठेतले एक बाबा भेटले. मुलगा बावीस वर्षांचा. विचारलं, दूध कोण आणतं? म्हणाले, मीच. दुकान कोपऱ्यावर, रस्ताही ओलांडावा लागत नाही. "आणि वाटेत घाबरला तर?" मी म्हटलं, तीन दिवस तुम्ही त्याच्या मागे चाला, बोलू नका. चौथ्या दिवशी फाटकापाशी थांबा.