चार-पाच जण

रात्री पावणेदोनला पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, कालव्याकडच्या वस्तीवर चोर शिरलेत. चार-पाच जण आहेत. कोयते आहेत त्यांच्याकडं." मागे कुत्री भुंकत होती. मी पुढे काही विचारायच्या आत फोन बंद झाला.

डिसेंबर २००५. गोदाकाठचा उसाचा पट्टा. फौजदार होऊन मला तीन वर्षं झाली होती. जीपमध्ये चालक, एक शिपाई, मी आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेले हवालदार. जीप खडीवरून आदळत चालली होती आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. चार की पाच?

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण नाशिकच्या अकादमीत आमच्याकडून हे कलम पाठ करून घेतलं होतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६. आरोपी अटकेला विरोध करत असेल किंवा पळत असेल, तर अटकेसाठी लागेल ते सगळं करायला पोलिसाला मुभा आहे. मात्र ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या आरोपीचा जीव घ्यायचा अधिकार या कलमाने मिळत नाही. (१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४३ झालं आहे.)

आता तेव्हा लागू असलेली भारतीय दंड संहिता बघा. पाच जणांनी मिळून धाकदपटशाने लुटलं तर तो दरोडा, कलम ३९५, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. तेच काम चौघांनी केलं तर ती जबरी चोरी, कलम ३९२, शिक्षा १० वर्षांपर्यंत. त्यात कुणाला दुखापत केली असेल तर कलम ३९४, म्हणजे पुन्हा जन्मठेप. जन्मठेपेचा गुन्हा असला तरी गोळी झाडलीच पाहिजे असं नाही, दुसरा इलाज नसेल तरच. पण चौघेच असतील आणि कुणाला इजा झाली नसेल, तर पळत्या माणसाचा जीव घ्यायचा मला हक्कच नव्हता. आपण 'चार-पाच' एका दमात म्हणतो. त्या रात्री माझा सगळा कायदा त्या दोन शब्दांच्या फटीत अडकला होता.

वस्तीच्या अलीकडे जीपचे दिवे बंद केले, तरी इंजिनाचा आवाज त्यांना आधीच गेला असणार. घरामागून माणसं फुटली. दोघं उसात शिरली, पाचट करकर वाजलं. एक विहिरीकडे गेला, त्याच्यामागे शिपाई धावला. एक जण कालव्याच्या भरावावर चढला आणि सरळ पळत सुटला. मी त्याच्या मागे.

चांदणं होतं. माझ्यात आणि त्याच्यात पंचवीस-तीस पावलं. डाव्या काखेत गाठोडं. उजवा हात पोटाशी, त्यात काय होतं ते दिसत नव्हतं. "थांब, गोळी घालीन!" असं दोनदा ओरडलो. तो थांबला नाही. मी थांबलो, गुडघा टेकला, रिव्हॉल्वर दोन्ही हातांत धरलं. नेम बसला होता. इतक्या वर्षांनंतरही ती पाठ मला दिसते. मळकट पांढरा बनियन, उजव्या खांद्यापाशी फाटलेला. मागून हवालदार धापा टाकत आले. "मारा साहेब! गेला तो, मारा!"

मी बोट दाबलं नाही. भरावाच्या टोकाला ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या, गोळी तिकडे गेली असती असं पुढे वरिष्ठांना सांगितलं. ते खरंही आहे. पण कोप्या मला नंतर दिसल्या. त्या क्षणी मी फक्त मोजत होतो. उसात दोन, विहिरीकडे एक, हा एक. चार. पाचवा मी पाहिलेला नव्हता.

तो चारीत उतरला आणि दिसेनासा झाला. शिपायाच्याही हाती कुणी लागलं नाही.

वस्तीवर म्हातारी उंबऱ्यात बसली होती. सुनेचं मंगळसूत्र, तिचे स्वतःचे डोरले, उसाच्या बिलातले काही पैसे, सगळं गेलं होतं. कोयता दाखवून सगळ्यांना एका कोपऱ्यात बसवलं होतं, पण हात कुणावर उचलला नव्हता. मी पंचनाम्याचं बोलू लागलो तेव्हा म्हातारी माझ्या कमरेकडे बघत म्हणाली, "सायेब, तुमच्याकं पिस्तूल व्हतं ना? मंग?"

मी कलम सांगत बसलो नाही. तिला काय सांगणार होतो? ज्याने तिच्या नातवाच्या गळ्याजवळ कोयता धरला, त्याला शिक्षा १० वर्षं की जन्मठेप यावर मी अडलो होतो.

पहाटे ठाणे डायरी लिहायला बसलो. हवालदार चहा घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, पाच लिहा. दरोड्याचा गुन्हा दाखल होईल." घरातल्यांचा आकडाही एक नव्हता. सून चार म्हणत होती, मुलगा पाच. मी 'अनोळखी चार ते पाच इसम' असं लिहिलं.

दीड महिन्याने शेजारच्या तालुक्यात तसाच प्रकार झाला. तिथल्या शेतकऱ्याने प्रतिकार केला. डोक्यात गज बसला. जीव वाचला, डावा डोळा गेला. पुढे एलसीबीने, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेने, टोळी पकडली, दोन्ही गुन्हे कबूल झाले, आमच्या म्हातारीचे डोरलेही सापडले. टोळीत पाच जण होते. पाचवा त्या रात्री डांबरी रस्त्यावर गाडीत बसून होता. माझ्यापुढे पळालेला त्यातला कोणता, ते मी ओळखू शकलो नाही. मी फक्त पाठ पाहिली होती.

काही वर्षांनी मला एका प्रशिक्षण केंद्रात कायदा शिकवायला पाठवलं. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यांनी हत्यारं हिसकावली आणि पळू लागले, असं पोलिसांचं म्हणणं होतं. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली आणि माझ्या वर्गात टाळ्या वाजल्या. मी टाळ्या थांबवल्या नाहीत. फळ्यावर एवढंच लिहिलं : मेम्फिस, १९७४.

अमेरिकेतल्या या शहरात घरफोडीच्या तक्रारीवरून पोलीस पोचले. परसदारी एक मुलगा कुंपणापाशी सापडला. पोलिसाने बॅटरी मारली. हातात काही नाही, हे त्याला बऱ्यापैकी दिसत होतं. मुलगा कुंपणावर चढू लागला, तशी पोलिसाने त्याच्या डोक्यात मागून गोळी घातली. वय १५. जवळ एक पर्स आणि १० डॉलर. टेनेसी राज्याच्या कायद्याला ते मान्य होतं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की पळणाऱ्यापासून कुणाच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तरच गोळी. विरोधातल्या तिघा न्यायमूर्तींत सँड्रा डे ओ'कॉनर होत्या. रात्री घरात शिरणारा माणूस किती घातक ठरू शकतो, यावर त्यांचा भर होता. म्हातारीचं म्हणणं तेच होतं आणि ते खोटं नव्हतं.

मला त्या निकालातला प्रश्न आपल्या कलमापेक्षा जास्त पटतो. आपलं कलम विचारतं की शिक्षा किती वर्षांची. तो निकाल विचारतो की हा सुटला तर कुणाचा जीव धोक्यात येईल. हैदराबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. जीव घ्यायच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष होता. टाळ्या वाजवणारी ती तुकडी तोवर जिल्ह्याजिल्ह्यांत ड्यूटीवर गेली होती.

मेम्फिस सांगून झालं की मी प्रत्येक तुकडीला तो गेलेला डोळाही सांगतो. तो लपवून हा विषय शिकवता येत नाही. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मग तुम्ही चुकलात. पाच होते ना?"

हो, पाच होते. मी गोळी झाडली असती तर पहाटे त्या डायरीत मी 'पाच' लिहिलं असतं. ठाम अक्षरात, खाली सही करून. आकडा खराही निघाला असता. पण भरावावर गुडघा टेकला तेव्हा मी चारच मोजले होते.