जीटीओचा कागद आला आणि लाल रंग बाद झाला

मागच्या आठवड्यात ईमेलनं एक कागद आला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरेना, म्हणून लिहायला बसलोय. इथं अमेरिकेत, मिशिगनमध्ये, घरच्या गॅरेजमध्ये माझी १९६८ ची पाँटिॲक जीटीओ ही जुनी अमेरिकन गाडी दुरुस्तीसाठी सुटी करून ठेवलीय हे जुन्या वाचकांना माहितीय. हा तिचा फॅक्टरीतला मूळ इन्व्हॉईस. जनरल मोटर्सनं पाँटिॲक हा ब्रँडच २०१० मध्ये बंद केला, पण जुन्या गाड्यांची रेकॉर्ड्स पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसवाले अजून सांभाळून आहेत, आपण व्हीआयएन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, कळवायचा, पैसे भरायचे, की ती गाडी काय काय लावून कुठल्या डीलरला पाठवली होती त्याची कॉपी घरी. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी टाईप केलेला कागद हो! चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स, झाकले जाणारे हेडलाईट, एएम रेडिओ, प्रत्येकासमोर किंमत. आणि रंग, व्हर्डोरो ग्रीन.

मी घेतली तेव्हा गाडी लाल होती. डॅशबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात हिरवा डाग दिसायचा, मला वाटायचं कुणीतरी दुसरा पार्ट जोडलाय. कागद आल्यावर बॅटरी घेऊन फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, आतल्या बाजूला घासून बघितलं, लाल कुठंच नाही, सगळा गडद हिरवा.

इथं कागदाला एवढं महत्त्व का ते सांगतो. १९६४ ला पाँटिॲकनं मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्यूबिक इंचाचं मोठं इंजिन बसवलं आणि मसल कारचं, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्यांचं, वेड खऱ्या अर्थानं तिथून सुरू झालं, त्यामुळं जीटीओला आज भाव आहे, आणि भाव आहे म्हणून पाँटिॲकच्याच साध्या टेम्पेस्टला किंवा लेमान्सला जीटीओचे बिल्ले लावून विकणारेही आहेत. पण १९६६ ते १९७१ च्या खऱ्या जीटीओचा व्हीआयएन २४२ नंच सुरू होतो, तिथं लबाडी चालत नाही. माझ्या गाडीचा २४२३७८पी, म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छपराची, काचांमधे खांब नसलेली), अडुसष्टची, पाँटिॲक गावातच बनलेली. मी राहतो तिथून ते गाव गाडीनं अर्ध्या तासावर.

आपल्याकडं असं काही असतं तर! आमच्या वडलांची ८२ ची प्रीमियर पद्मिनी भंगारात गेली तेव्हा तिच्याबरोबर आरसी बुक पण गेलं, आता तिचा एक फोटो सोडला तर काही नाही. त्यात कुणाचा दोष नव्हता, पार्ट मिळायचे बंद झाले होते आणि घरात आमच्या दोघा भावांच्या फिया भरायच्या होत्या. आपल्याकडं २०२१ ला व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, नंबरात व्हीए अक्षरं, रजिस्ट्रेशनला २०,००० रुपये, चांगलंच झालं, पण अट पन्नास वर्षांची. ती पद्मिनी आज असती तरी त्यात बसली नसती. मिशिगनमध्ये पंचवीस वर्षं उलटली की हिस्टॉरिक नंबरप्लेट मिळते, शो, परेड, क्लबच्या कार्यक्रमाला न्या, आणि ऑगस्टचा पूर्ण महिना कुठंही फिरवा.

इथलं सगळंच गोड आहे असं मात्र समजू नका. गाडी आणल्यावर काही दिवस ड्राईव्हवेत उभी होती तर नोटीस आली, प्लेट नसलेली बंद गाडी उघड्यावर ठेवायची नाही. माझी जागा, माझी गाडी, रस्त्याला अडथळा नाही, तरी! आणि इंजिन बोअरिंगला, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कोरून घ्यायला, दिलं तर अख्खा हिवाळा गेला. कोल्हापुरात उद्यमनगरात सकाळी ब्लॉक टाकला असता तर ३० थाउचं (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअरिंग संध्याकाळी करून दिलं असतं आणि वर चहा पाजला असता. इथं पार्ट खराब झाला की नवा मागवा, विषय संपला. आमच्याकडचे मिस्त्री झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवून लेथवर परत मापात आणतात, ते कसब इथं माझ्या ओळखीत एकाकडंच दिसलं. ते समोरचे आजोबा.

आजोबा पूर्वी इथल्याच एका गाड्यांच्या कारखान्यात लाईनवर होते. इंजिन काढायला त्यांनी स्वतःची क्रेन दिली, भाड्याचं नाव काढू दिलं नाही, बायकोनं दिलेला भडंगाचा डबा तेवढा घेतला. पत्र्याचं काम तर त्यांच्याकडूनच शिकतोय. या गाड्यांच्या मागच्या काचेच्या पन्हळीत पाणी साचतं, तिथून ते डिकीत उतरतं आणि फ्लोअर खातं, शिवाय इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, डेट्रॉईट शहराच्या खालीच हजारभर फुटांवर मिठाची खाण आहे! आजोबांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या चाकाच्या वरून हळूहळू खाली आणलं, वर घट्ट चिकटत होतं, कमानीजवळ आल्यावर सुटून हातात आलं. तिथं पत्रा नव्हताच, बोटभर जाड पुट्टी. आता तेवढं कापून नवा पत्रा बसवतोय. वेल्डिंगचा एक टाका इथं, पुढचा पार त्या टोकाला, मग मधे, आणि प्रत्येक टाक्यानंतर हात लावता येईल इतपत गार होऊ द्यायचं, घाई केली की पत्रा पोळीसारखा फुगतो. एका शनिवारी वीतभर काम झालं तरी खूप.

आणि तो पत्रा नवा मिळतो ही मोठी गोष्ट! ब्रँड बंद पडलाय, तरी क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा), डिकीचा फ्लोअर, दाराचं रबर, सगळं आजही कुणी ना कुणी बनवतंय, आठवड्यात दारात.

दादा फोनवर म्हणाला, एवढ्या पैशात इकडं नवी कोरी गाडी आली असती. आली असती, मान्य. पण घराचं कर्ज फेडून झालंय, मुलीच्या कॉलेजचे पैसे वेगळे ठेवलेत, मला दुसरा कुठला शौक नाही, आणि शनिवार-रविवार मी टीव्हीपुढं लोळण्यापेक्षा गॅरेजमध्ये असतो, मुलगीही पाना धरायला येते. टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून घट्ट करायचा पाना, कसा वापरायचा हे तिला आज येतं. हा पैसा वाया गेला असं मला तरी वाटत नाही.

रंगाचं मात्र ठरलं. पेंटरनं लालचाच हिशेब दिला होता, तो स्वस्त होता, कारण आतली हिरवी बाजू तशीच सोडायची होती. त्याला काल कळवलं, हिरवी करायची, आतून-बाहेरून. अडुसष्टच्या जीटीओचा पुढचा बंपर सहसा क्रोमचा नसतो, एन्ड्युरा नावाच्या रबरासारख्या मटेरियलचा, बॉडीच्याच रंगाचा असतो, तो लवचिक असल्यामुळं त्याच्या रंगात वेगळं मिश्रण घालावं लागतं नाहीतर तडे जातात. त्याचे पैसे वेगळे पडतील म्हणाला. पडू देत.