20 मार्चचा फळा

जळगाव जिल्ह्यातील आमच्या शाळेत परिपाठापूर्वी दर्शनी फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. फळा लहान आहे. वर तारीख, खाली सुविचार आणि मधल्या जागेत जेमतेम दोन ओळी बसतात. एरवी तेवढे पुरते, पण 20 मार्चला जागतिक चिमणी दिन, आंतरराष्ट्रीय आनंद दिन आणि जागतिक मौखिक आरोग्य दिन असे तिघेही त्या दोन ओळींवर हक्क सांगतात. त्यातली पहिली ओळ मी कोणालाच देत नाही. 1927 साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ज्या तारखेला खरोखर काही घडले, तिचा मान आधी, असा माझा साधा हिशेब आहे.

आनंद दिनाचा ठराव भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2012 मध्ये केला. आमच्यापर्यंत तो 'साजरा करून छायाचित्रे पाठवावीत' एवढ्याच सूचनेच्या रूपाने येतो, आणि सकाळच्या शाळेतल्या पेंगुळलेल्या मुलांना हसायला लावून आम्ही तो उरकतो.

दातांच्या दिवसाची तारीख तर चक्क अंकगणितातून आली आहे. मुलांचे दुधाचे दात 20, म्हातारपणीही स्वतःचे किमान 20 दात शाबूत असावेत, प्रौढाला 32 दात आणि कीड 0, असे आकडे जुळवून तिसऱ्या महिन्याची 20 तारीख ठरली. त्याआधी हा दिवस 12 सप्टेंबरला असे. एका वर्षी मी हे समजावून सांगत असताना तिसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, मनी आजी रोज मिशरी लावस!" मिशरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, आणि ती दातांना चांगली असते असे मानणाऱ्या आज्या आमच्या गावात घरोघरी आहेत. त्या दिवशी दुसरी ओळ दातांना मिळाली.

चिमणी दिन नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून पाळला जातो. माझ्या लहानपणी आमच्या धाब्याच्या घरात भिंतीवरची प्रत्येक तसबीर पुढे कललेली असे आणि तिच्या मागून गवताच्या काड्या लोंबत असत. आता तिथे स्लॅब आहे, आणि गुळगुळीत भिंतीत चिमणीला शिरायला फट नाही. मुले वळचणीला खोकी टांगतात, मातीच्या परळात पाणी ठेवतात, दाणे टाकतात. पिलांना मात्र चिमणी बहुतांशी किडे-अळ्या भरवते, त्यामुळे दाण्यांबरोबर शाळेभोवतीचे झाडझुडूपही राखावे लागते, हे मी दरवर्षी सांगतो.

सूचनांच्या यादीत कधीच नसते ते म्हणजे वसंत संपात. सूर्य या सुमारास विषुववृत्तावर येतो आणि दिवस-रात्र जवळजवळ सारखे होतात. फळ्यावर जागा उरत नाही, म्हणून शाळा सुटल्यावर चार-पाच मुलांना थांबवून मी अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करतो. जळगावला त्या दिवशी मध्यान्ह घड्याळी बारा पस्तीसच्या आसपास होते. तेव्हा सावली सर्वांत आखूड, सुमारे 38 सेंटिमीटर भरते, कारण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस 21 अंशांवर आहोत. मुले टोकाशी खडा ठेवतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हीच सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते, पण तेव्हा शाळेला सुटी असते, म्हणून काठी मी मुलांच्या घरी देऊन ठेवतो.