आमची वाटचाल : ८४ मिनिटांची आणि ७० मिनिटांची

बाबांचा फोटो स्टुडिओ इंदूरच्या रामबागेत होता. पासपोर्ट साइज, मुंजी, साखरपुडे, आणि परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की दारात रांग. त्यांची डार्करूम आता आमची एडिटिंगची खोली आहे. लाल बल्बचा होल्डर अजून भिंतीवर आहे, दादा तो काढू देत नाही. कंपनी म्हणावी एवढे आम्ही मोठे नाही. दादाकडे कॅमेरा आणि दिग्दर्शन, माझ्याकडे लेखन आणि संकलन, आईकडे हिशेब. घर चालतं ते लग्नांवर, साड्यांच्या दुकानांच्या जाहिरातींवर आणि भंवरकुआँच्या कोचिंग क्लासेसच्या व्हिडिओंवर. सिनेमा होतो तो उरलेल्या पैशात आणि उरलेल्या झोपेत.

पहिला सिनेमा सराफ्यातला. दिवसा सोनाराच्या पेढीवर काम करणारा एक म्हातारा मराठी कारागीर, आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यावर गराडू, म्हणजे सुरणासारखा एक कंद, तळणारी बाई. गराडूवालीचं काम माझ्या मावशीने केलं होतं. खाणाऱ्यांची गर्दी मध्यरात्र उलटून गेली तरी हटत नाही, त्यामुळे आमचं खरं शूटिंग अडीचला सुरू व्हायचं. पहाट झाली की घंटागाडीचं गाणं. २०१७ पासून शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर येतोय याचा अभिमान आम्हालाही आहे, पण त्या गाण्याने आमचे तीन सीन खाल्ले, ते खाल्लेच.

शूटिंग अर्ध्यावर असताना पैसे संपले. बाबांच्या ओळखीतले एक गृहस्थ मदतीला आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो, म्हणून नाव लिहीत नाही. सकाळी घरी आले, पोहे-जिलबी झाली, स्टॅम्प पेपर पुढे आला. मी पोह्यांवरची शेव वेचत सही केली. वाचलं नाही असं नाही. वाचलं, पण समजलं नाही.

समजलं ते सिनेमा ८४ मिनिटांचा पुरा झाल्यावर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला त्यात कर्ता म्हणून जागाच नाही. चार वर्षं ज्याने झोप घालवली तो दादा कायद्याच्या लेखी कुणीच नव्हता, आणि कागदावर निर्माता म्हणून आमच्या काकांचं नाव होतं. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आमच्या कागदात दोन्ही लिहिलेलं होतं : ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’. कागद करणारा वकील हुशार होता, एवढं मानावंच लागेल.

काकांनी हिंदीत डब केला, एक गाणं घुसवलं आणि तरीही सिनेमा १४ मिनिटांनी कमी केला. त्यात मावशीचा शॉट गेला. गराडू सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून ती आधी तेलाची वाटी ओढते, बोटाबोटाच्या बेचक्यात तेल लावते, मग सुरी घेते. तीन मिनिटं, एकही शब्द नाही. तो शॉट मी अकरा वेळा कापून पुन्हा जोडला होता. ७० मिनिटांचा जो सिनेमा मोबाइलवर आला, त्यात गराडू थेट कढईतच पडतात.

दादा आठ महिने लग्नांपलीकडे काही बोलला नाही. बाबा त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगायचे. विमा गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठणाऱ्या त्या माणसाचंही पुढे भागीदारांशी पटेना, तेव्हा ते सगळं सोडून काशीला गेले आणि नाटक लिहीत बसले. दादा म्हणाला, “त्यांना काशी तरी होती. मला उद्या उज्जैनला रिसेप्शन आहे.”

मी मात्र कायद्याची पुस्तकं उघडली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा वाटा (थिएटर सोडून बाकी वापराचा) सही करूनही सोडून देता येत नाही. तसं पत्र काकांना पाठवलं. पत्राला उत्तर आलं नाही, पण त्या घरातल्या आणि त्यांच्या सोयऱ्यांच्या लग्नांच्या ऑर्डरी बंद झाल्या. त्या वर्षी आईच्या वहीत मार्गशीर्षाचं पान जवळजवळ कोरं होतं.

दुसरा सिनेमा सगळा आमचा. कथेच्या कॉपीराइट नोंदणीचे ५०० रुपये, चित्रपटाच्या नोंदणीचे ५,०००. कलाकार, संगीतकार, अगदी चहावाल्या मुलाने एका सीनमध्ये चेहरा दाखवला तर त्याचाही कागद. मावशी म्हणाली, “अगं, घरातल्या घरात सह्या कसल्या?” तरी घेतली. मुंबईहून सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं ते आईने देवघरात ठेवलं. आणि मग एक हॉल भाड्याने घेतला, एक खेळ केला, १४० माणसं आली, त्यातली निम्मी नात्यातली. महोत्सवांकडून नम्र नकार येत राहिले. सिनेमा आता दोन हार्ड डिस्कवर आहे, एक आमच्याकडे, एक मावशीकडे धान्याच्या कोठीवर.

लोक ओळखतात ते पहिल्यालाच. मागच्या महिन्यात एका हळदीच्या शूटिंगला नवऱ्या मुलाचा मित्र म्हणाला, “दीदी, वो गराडूवाली पिक्चर आपकी है क्या? मस्त थी यार!” मी हो म्हटलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. घरी येईपर्यंत त्याच आनंदाचा राग आला होता.

दिवाळीत दुसऱ्या सिनेमासाठी एक विचारणा आली : बरी रक्कम, सगळे हक्क, कायमचे. आम्ही पाच वर्षं आणि फक्त भारत, असं कळवलं. बाबा म्हणाले, घालवलंत. आई काही बोलली नाही, वही मिटून ठेवली. उत्तर अजून आलेलं नाही.

मावशीला पंचाहत्तर पूर्ण झाली त्या रात्री आम्ही डार्करूममध्ये तिला ८४ मिनिटांचा पहिला सिनेमा दाखवला. तो शॉट सुरू झाला तशी ती पुढे सरकली. स्वतःचे हात बघत राहिली. सुरी हातात आली तेव्हा म्हणाली, “तेल कमी लावलं होतं मी. दोन दिवस खाज जात नव्हती.”